खेळाच्या जोरावर कॉलेज प्रवेश : भातकुलीच्या पालकांनी कोणत्या गोष्टी वेळेत तपासाव्यात?

मुलगा शाळेच्या बेसबॉल संघात आहे, मुलगी सॉफ्टबॉलमध्ये विभागापर्यंत खेळून आली आहे. अशा घरात दहावीनंतर एक प्रश्न हमखास निघतो : या खेळाचा पुढे कॉलेजसाठी काही उपयोग होईल का? उत्तर 'हो' असं आहे. पण त्यासाठी खेळ चांगला असणं पुरेसं नसतं. कोणती स्पर्धा, कोणतं प्रमाणपत्र आणि कोणती तारीख, यावर बरंच काही ठरतं.

अमेरिकेत काय होतं, इथे काय होतं?

अमेरिकेत कॉलेजचे प्रशिक्षक स्वतः खेळाडू शोधतात. मुलं आपल्या खेळाचे व्हिडिओ पाठवतात, प्रशिक्षक सामने बघायला येतात आणि संघात जागा देऊ करतात. तिथेही बेसबॉलमध्ये पूर्ण शिष्यवृत्ती दुर्मीळच. पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांना अनेक वर्षं एका संघासाठी ११.७ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या जास्तीत जास्त २७ खेळाडूंत वाटल्या जात. २०२५ पासून हे नियम बदलले. तिसऱ्या श्रेणीची कॉलेजं तर खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत.

आपल्याकडे प्रशिक्षक घरी येत नाही, अर्ज आपल्यालाच करावा लागतो. त्यात मुलाच्या खेळाबद्दल सगळ्यात आधी बोलतं ते प्रमाणपत्र. मैदानी चाचणी असते, पण बहुतेक ठिकाणी तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठीही कागद लागतो.

शालेय स्पर्धांची शिडी

क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. अकरावी-बारावीची मुलं साधारणपणे १९ वर्षांखालील गटात खेळतात. जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय अशा पायऱ्या असतात. कबड्डीसारख्या खेळात त्याआधी तालुका पातळी असते. बेसबॉलसारख्या, कमी शाळांत खेळल्या जाणाऱ्या खेळाची सुरुवात सहसा थेट जिल्ह्यापासून होते. अमरावती शहर आणि ग्रामीण असे वेगळे संघ असतात. भातकुलीची शाळा ग्रामीणमध्ये मोडते. पुढे अमरावती विभागात अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशिमच्या संघांशी गाठ पडते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विद्यार्थी शाळेमार्फतच खेळतो. शाळेने वेळेत नोंदणी केली नाही, तर मुलाचं ते वर्ष हातचं जातं. त्यामुळे जून-जुलैतच शारीरिक शिक्षण शिक्षकांना विचारावं : आपल्या खेळाची नोंदणी झाली का?

खेळाचा उपयोग कुठे होतो?

• बोर्डाचे सवलतीचे गुण : दहावी-बारावीला स्पर्धेच्या पातळीनुसार गुण मिळतात. प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जातो. मुदत दरवर्षी जाहीर होते.

• दिल्ली विद्यापीठ : खेळाडू आणि इतर कलागुण असलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिळून ५ टक्क्यांपर्यंत अतिरिक्त जागा असतात. प्रमाणपत्रं आणि मैदानी चाचणी या दोन्हींचे गुण धरले जातात. कोणत्या कॉलेजात कोणत्या खेळाला किती जागा, हे कॉलेजागणिक बदलतं.

• आयआयटी मद्रास : २०२४-२५ पासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी २ अतिरिक्त जागा आहेत, त्यांतली १ मुलींसाठी. जेईई ॲडव्हान्स्डच्या यादीत नाव हवं आणि मागच्या ४ वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवरचं किमान एक पदक हवं.

• अमरावतीतलाच पर्याय : १९१४ मध्ये सुरू झालेलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ भातकुलीपासून जवळच आहे. मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. मंडळाचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय आहे. खेळातच करिअर करायचं असेल, तर आधी या दाराची चौकशी करावी.

कॉलेजात गेल्यावरही वाट थांबत नाही. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या संघात निवड झाली, तर भारतीय विश्वविद्यालय संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळता येतात. बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ त्यांत आहेत. म्हणजे बारावीपर्यंत राज्य पातळी गाठता आली नाही, तरी दुसरी संधी असते.

फसगत कुठे होते?

'पैसे भरा, राष्ट्रीय स्पर्धा खेळा' असे निरोप मोबाइलवर फिरतात. गावाकडचं कुटुंब प्रवास, गणवेश आणि प्रवेश फी धरून बराच खर्च करतं. मुलगा चकचकीत प्रमाणपत्र आणि पदक घेऊन परततो. प्रवेशाच्या वेळी मात्र कळतं, की ती संघटना मान्यताप्राप्तच नाही. नावात 'इंडिया' किंवा 'नॅशनल' असल्याने स्पर्धा राष्ट्रीय ठरत नाही. एकाच खेळाच्या दोन-दोन संघटनाही असतात. म्हणून पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावं : या स्पर्धेचं प्रमाणपत्र कुठे धरलं जातं?

दुसरी चूक म्हणजे सहभाग आणि प्रावीण्य यांत गल्लत. अनेक ठिकाणी पहिल्या तीन क्रमांकांना वेगळं वजन असतं. शिवाय ठरावीक अलीकडच्या वर्षांतलीच प्रमाणपत्रं चालतात. सातवीतलं पदक बारावीनंतर कामाला येईलच असं नाही.

फाइलमध्ये काय हवं?

मूळ प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नयेत, पडताळणीत अडचण येऊ शकते. प्रत्येक प्रमाणपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळते का, ते त्याच दिवशी पाहावं. संघाची यादी, निकालपत्रक आणि निवडीचं पत्र यांच्या प्रती सोबत ठेवाव्यात. हीच फाइल पुढे नोकरीसाठीही लागते. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि त्यासाठी क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्रांची पडताळणी करून घ्यावी लागते.

कॉलेजला विचारायचे प्रश्न

• फी माफ होणार की फक्त जागा मिळणार? वसतिगृह आणि मेसचं काय?
• सराव आणि स्पर्धांच्या दिवसांची हजेरी धरतात का? परीक्षा बुडाली तर?
• दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोण करतं आणि प्रवेश कायम राहतो का?
• आपल्या खेळाचा संघ खरंच आहे का? मागच्या वर्षी तो कुठे खेळला?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. माहितीपुस्तिकेत बेसबॉल छापलेला असतो, पण मैदानावर संघ असेलच असं नाही. शक्य असेल तर प्रवेशाआधी एका संध्याकाळी जाऊन सराव बघून यावा.

आणि अभ्यासाचं? खेळाडूंच्या जागेसाठीही किमान पात्रता लागतेच. खेळाने जागा मिळते, पण पदवी अभ्यासानेच पूर्ण होते. पायाला किंवा खांद्याला दुखापत झाली, तरी मुलाच्या हातात ती पदवी राहते.