रेघेवरचे रुग्णालय

भूगोलाच्या तासाला नकाशा भिंतीवर टांगला की मुलांचे बोट प्रथम आपल्या गावाकडे धावते. आमच्या दोडामार्ग तालुक्यातल्या मुलांचे बोट गावापाशी पोचते न पोचते तोच एका तुटक रेघेला अडते. रेघेपलीकडे गोवा. एकदा एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, ही रेघ आमच्या कुळागरात खंय असा?" मी हसलो, परंतु उत्तर देऊ शकलो नाही. त्याचे कुळागर या अंगाला, मामाचे घर त्या अंगाला, आणि दोघांची बोली एकच. रेघ शोधायची कुठे?

१९ डिसेंबर १९६१ पर्यंत ही दोन सत्तांमधली सीमा होती. पलीकडे पोर्तुगीजांचा अंमल होता. १९८७ साली गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला आणि ती दोन राज्यांमधली सीमा झाली. पहारे गेले, रेघ तेवढी राहिली. ती एरवी दिसत नाही. मला ती दिसली एका रुग्णालयाच्या खिडकीपाशी.

२०१९ च्या श्रावणातली गोष्ट. रात्री आईच्या छातीत कळ आली. बाहेर पाऊस कोसळत होता. आमच्या जिल्ह्याचे रुग्णालय लांब, गोव्यातले त्या मानाने जवळ. शेजाऱ्याच्या जीपमध्ये आम्ही आईला आडवी निजवली. तिने डोळे उघडून विचारले, "खंय नेतास माका?" मी म्हटले, "गोंयात." ती म्हणाली, "मगे बरा. थंय माझा म्हायार."

खिडकीपलीकडच्या कारकुनाने पत्ता विचारला. मी बोलण्याआधीच चाकाच्या खुर्चीत बसलेल्या आईने आपल्या माहेरचा पत्ता सांगितला. तिच्या मनात कपट नव्हते. त्या अवस्थेत तिला तेच घर आठवले. पण मला सगळे ठाऊक होते. जानेवारी २०१८ पासून गोव्याच्या सरकारी रुग्णालयांत परराज्यातल्या रुग्णांकडून शुल्क घेण्यास सुरुवात झाली होती. माहेरचा पत्ता लिहिला गेला, तर आमचे पैसे वाचणार होते. जन्मभर मुलांना खरे बोला म्हणून सांगणारा मी गप्प उभा राहिलो.

रात्रभर बाकावर बसून विचार केला. गोव्याचे म्हणणे काही खोटे नव्हते. तिथली वैद्यकीय शाळा १८४२ साली सुरू झालेली. तिच्यातूनच पुढे आजचे वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. ते चालते गोव्याच्या तिजोरीवर. शेजारच्या जिल्ह्यातले रोगी रोज दाराशी येऊ लागले, तर तो भार गोव्याच्या करदात्याने का उचलावा? आणि आमच्या बाजूने पाहावे, तर मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने प्रथम नकाशा पाहावा काय? दोन्ही बाजू खऱ्या होत्या. तिढा होता तो खर्चाचा. सीमेवरच्या माणसाचे पैसे कोणी द्यायचे?

हाच तिढा दुसऱ्या एका मुलखात कसा सुटला, हे पुढे एका कादंबरीसाठी वाचन करताना मला कळले. फ्रान्स आणि स्पेन यांच्यामध्ये पिरेनीज पर्वत आहे. त्या डोंगरांत सेर्दान्या नावाचे एक ऐसपैस खोरे आहे. खोरे एक, लोक एक, बोलीही मुळात एकच, कॅटलान. ७ नोव्हेंबर १६५९ रोजी दोन्ही राजांच्या मंत्र्यांनी बिदासोआ नदीतल्या एका लहानशा बेटावर तह केला आणि हे खोरे मधोमध कापले गेले. पुढच्या वर्षी वाटणीचा तपशील ठरला. खोऱ्यातली ३३ खेडी फ्रान्सला मिळाली. परंतु लीव्हिया हे खेडे नसून नगर आहे, असा मुद्दा स्पेनने काढला आणि तो टिकला. तेव्हापासून आजतागायत लीव्हिया चहूंकडून फ्रान्सने वेढलेले, पण स्पेनचे गाव म्हणून नांदते आहे. एका शब्दाच्या अर्थावर गावाचे राष्ट्र ठरावे, ही इतिहासाची मोठी मौज आहे! पुढे १८५६ ते १८६८ या काळातल्या तहांनी सीमेवर क्रमांक घातलेले दगड बसवले. अटलांटिकपासून भूमध्य समुद्रापर्यंत ६०२.

खोरे कापले गेले, तरी आजार कापले गेले नाहीत. फ्रेंच बाजूच्या बाईला बाळंतपणाच्या कळा आल्या की पेर्पिन्याँला जायचे, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटरचा घाटरस्ता, आणि हिवाळ्यात त्यावर बर्फ. स्पॅनिश बाजूचे पुइगसेर्दा गाव हाकेच्या अंतरावर होते. तिथले रुग्णालय लहान आणि जुने होते; एकट्या त्या बाजूसाठी मोठे बांधावे, तर वस्ती थोडी. दोन्ही बाजू मिळून मात्र त्याला पुरेसे रोगी होते.

इथे सार्वजनिक पैशाचा प्रश्न आला. फ्रान्सच्या करदात्याचा पैसा स्पेनच्या जमिनीवर कसा घालायचा? युरोपात या प्रश्नाचा विचार आधीपासून चालू होता. १९५८ साली, म्हणजे महायुद्ध संपून पुरती तेरा वर्षे झालेली असताना, जर्मनी आणि हॉलंड यांच्या सीमेवरच्या गावांनी ग्रोनाऊ येथे 'यूरेजिओ' ही संघटना उभारली. सीमेवरचे मुलूख नेहमीच राजधानीपासून दूर आणि म्हणून मागासलेले राहतात, हे त्यांचे गाऱ्हाणे. १९७५ साली युरोपीय समुदायाने प्रादेशिक विकास निधी काढला. १९९० साली त्यातूनच 'इंटररेग' ही योजना निघाली. सीमेच्या दोन्ही बाजूंनी मिळून केलेल्या कामांसाठीच हा पैसा होता. पहिल्या खेपेला सुमारे १.१ अब्ज एकू, म्हणजे त्या काळचे युरोपीय हिशेबाचे चलन, त्यात घातले गेले. २०१४ ते २०२० या खेपेपर्यंत हा आकडा दहा अब्ज युरोंच्या वर गेला.

सारे सुरळीत झाले असे मात्र समजू नये. आरंभी जो तो आपल्या वाट्याचा पैसा घेऊन आपल्याच बाजूला काम करी आणि कागदावर त्याला सहकार्य म्हणे. म्हणून पुढे नियम कडक झाला. दोन्ही बाजूंनी काम एकत्र आखायचे, आणि एका भागीदाराने सर्वांच्या वतीने जबाबदारी पत्करायची. शिवाय बहुधा आधी खर्च करायचा, पावत्या जोडायच्या, मग परतफेड मागायची. लहान गावांना हे जड जाते. पण हिशेब एकत्र लिहावा लागला की माणसे एका टेबलाशी बसतात, हेही खरे.

सेर्दान्याचे रुग्णालय या मार्गाने उभे राहिले. २०१० साली दोन्ही बाजूंची मिळून एक कायदेशीर संस्था स्थापन झाली. बांधकामाला सुमारे तीन कोटी दहा लाख युरो लागले. त्यांतले साठ टक्के युरोपच्या निधीने दिले. उरलेल्या रकमेचे साठ टक्के कॅटलोनियाने आणि चाळीस टक्के फ्रान्सने उचलले. सप्टेंबर २०१४ मध्ये पुइगसेर्दात रुग्णालयाचे दार उघडले. तिथे कॅटलान, स्पॅनिश आणि फ्रेंच या तिन्ही भाषा चालतात.

परंतु इमारत झाली म्हणजे रेघ पुसली गेली असे नव्हे. फ्रेंच आईबापांचे मूल स्पेनच्या भूमीवर जन्मले, त्याची नोंद कुठे करायची? फ्रेंच माणूस तिथे वारला, तर त्याचे शव दोन-चार मैलांवरच्या घरी न्यायला परराष्ट्रातून आणल्यासारखे कागद करावे लागत. जन्म आणि मरण या दोन्ही वेळी कायदा दाराशी येऊन उभा राहिला. पैशाचा तिढा आधी सुटला, कागदाचा मागे राहिला.

हे वाचल्यावर मला आमची तिलारी आठवली. तिलारीचे धरण आमच्याच तालुक्यात आहे. महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांनी १९९० साली त्यासाठी करार केला. खर्चात गोव्याचा वाटा ७३.३० टक्के, महाराष्ट्राचा २६.७० टक्के. पाणी कोणाला किती मिळणार, यावरून दशांशापर्यंत हिशेब मांडता आला. बुडाली ती गावे आमच्या बाजूची, आणि त्या उठलेल्या माणसांचे दुःख कोणत्याही टक्केवारीत मावणारे नाही, हे मी विसरत नाही. तरीसुद्धा दोन राज्यांच्या तिजोऱ्या एका कामासाठी एकत्र येऊ शकतात, हे तिलारीने दाखवून दिले आहे. पाण्यासाठी जे जमले ते रोग्यासाठी का जमू नये? महाराष्ट्राची महात्मा फुले जन आरोग्य योजना गोव्यातल्या रुग्णालयात लागू करण्याचा तोडगा पुढे निघाला, तो याच दिशेने. पण तोडगा निराळा आणि दोघांनी मिळून बांधलेले घर निराळे. सेर्दान्यात दोघांचे नाव एकाच दारावर आहे.

त्या रात्रीचे सांगायचे राहिले. सकाळी आईला बरे वाटू लागले आणि मी पुन्हा त्या खिडकीपाशी गेलो. म्हटले, "काल पत्ता चुकीचा सांगितला गेला. आम्ही पलीकडचे." कारकुनाने चष्म्यावरून पाहिले, जुनी ओळ खोडली, नवा पत्ता लिहिला आणि पावती फाडून दिली. पैसे भरून मी आईकडे आलो.

आईला मी झालेला प्रकार सांगितला. तिला तो नीटसा उमगला नाही. ती म्हणाली, "अरे, दोनय घरां माझीच. खोटा काय सांगलंय मी?"

तिला काय उत्तर द्यावे, हे मला अजून सुचलेले नाही. आणि वर्गातल्या त्या मुलालाही मी अद्याप उत्तर दिलेले नाही.