‘अदिश’ आणि ‘सदिश’ : दोन संज्ञांचा इतिहास

वस्तुमान, तापमान, ऊर्जा या राशी केवळ परिमाणाने पूर्ण होतात. वेग, त्वरण, बल यांच्या बाबतीत दिशाही सांगावी लागते. पदार्थविज्ञानाच्या अभ्यासाचा प्रारंभच या भेदापासून होतो. तथापि त्याला आजची नावे मिळाली ती एकोणिसाव्या शतकात. न्यूटनने १६८७ मध्येच ‘प्रिन्सिपिया’त दोन बलांचे संयोजन समांतरभुज चौकोनाच्या कर्णाने दाखविले होते. नियम ज्ञात होता. संज्ञा व्हावयाची होती.

१६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिन येथे कालव्याच्या काठाने जात असता विल्यम रोवन हॅमिल्टन यांना क्वाटर्निअनचे सूत्र सुचले. या संख्येत एक वास्तव भाग आणि परस्परलंब दिशांचे तीन घटक असतात. पहिल्या भागास त्यांनी ‘स्केलर’ व दुसऱ्यास ‘व्हेक्टर’ म्हटले. लॅटिन ‘स्काला’ म्हणजे शिडी. सर्व वास्तव संख्या एकाच श्रेणीवर बसतात, हा त्यातील अभिप्राय. ‘व्हेक्टर’ म्हणजे वाहून नेणारा. त्याचा मूळ धातू ‘वेहेरे’ हा संस्कृत ‘वह्’चा सगोत्र होय.

हॅमिल्टनच्या गणितात सदिशाचा वर्ग ऋण येतो. पदार्थवैज्ञानिकांस हे गैरसोयीचे होते. म्हणून अमेरिकेत गिब्ज आणि इंग्लंडात हेविसाइड यांनी १८८० नंतरच्या दशकात क्वाटर्निअन बाजूला सारून अदिश व सदिश असे दोन गुणाकार स्वतंत्र केले. हॅमिल्टनचे अनुयायी टेट यांनी त्यास कडाडून विरोध केला. परंतु १९०१ मध्ये विल्सन यांच्या ग्रंथाने गिब्जपद्धती रूढ केली. अशा रीतीने नावे हॅमिल्टनची राहिली, व्याकरण मात्र गिब्जचे झाले.

मराठी संज्ञांनी शिडी आणि वाहक या दोन्ही कल्पना सोडून दिशेवर भर दिला. त्यामुळे अर्थ सुबोध झाला. परंतु एक भ्रमही संभवतो. तारेतील विद्युत्प्रवाहाला दिशा असते, तरी तारांच्या संधीवर प्रवाहांची बेरीज साध्या संख्यांप्रमाणेच होते. अवकाशातील मोठ्या परिभ्रमणाला परिमाण व अक्ष दोन्ही असतात; पण दोन परिभ्रमणांचा क्रम बदलला की फल बदलते. म्हणून ही दोन्ही उदाहरणे दिशायुक्त असूनही सदिश नव्हेत. सदिशत्वाची कसोटी केवळ दिशा नसून संयोजनाचा नियम होय. संज्ञेची व्युत्पत्ति ही तिची व्याख्या मानता येत नाही.