नेपरव्हिलमध्ये कोड वाचायला बसलेली माणसं

नेपरव्हिल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? ड्यूपेज नदीकाठचा रिव्हरवॉक, चांगल्या शाळा, गणपतीला कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमलेली मराठी मंडळी. शिकागोच्या पश्चिमेला असलेल्या या गावाचा आणखी एक इतिहास आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. तुम्ही रोज ऑफिसात दुसऱ्याचा कोड तपासत असाल, तर तो तुमचाही इतिहास आहे.

१९६६ साली बेल लॅब्जने इथे ‘इंडियन हिल’ नावाचं केंद्र सुरू केलं. काम होतं टेलिफोनचे स्विच बनवायचं, म्हणजे कॉल इकडून तिकडे जोडणारी प्रचंड यंत्रं. त्यातल्या ‘फाइव्ह-ईएसएस’ या मालिकेचा पहिला स्विच १९८२ मध्ये इलिनॉयमधल्याच सेनेका गावात सुरू झाला. हा स्विच म्हणजे खरं तर एक अवाढव्य प्रोग्राम होता. १५ वर्षांत त्याचा कोड सुमारे १० कोटी ओळींवर गेला आणि त्याचे जवळजवळ ५,००० भाग झाले. एवढा कोड एका माणसाने आयुष्यभरात वाचून होणार नाही. तरी कुणीतरी तो वाचायलाच हवा होता. का, ते १९९० मध्ये सगळ्या अमेरिकेला कळलं.

१५ जानेवारी १९९० रोजी एटी अँड टीचं लांब पल्ल्याचं नेटवर्क सुमारे नऊ तास कोलमडलं. न्यूयॉर्कमधला एक स्विच बंद पडला आणि सावरला. आपण सावरल्याचा निरोप त्याने शेजाऱ्यांना पाठवला. तो निरोप हाताळताना शेजारी पडले, आणि ते सावरल्यावर त्यांच्या निरोपांनी आणखी शेजारी पाडले. असे ११४ स्विच एकमेकांना पाडत राहिले. हे ‘फोर-ईएसएस’, म्हणजे त्याच घराण्यातले थोरले भाऊ. चूक कुठे होती? सी भाषेतल्या एका ‘ब्रेक’ या शब्दात. तो चुकीच्या जागी पडला होता, त्यामुळे प्रोग्राम नको तिथून बाहेर पडत होता. चाचण्यांमधून गेलेला हा कोड महिनाभर आधीच, १९८९ च्या डिसेंबरात, चढवला होता.

अशी चूक माणसाच्या नजरेला दिसावी म्हणून एक पद्धत तेव्हा रूढ होती. आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी ती १९७६ मध्ये मांडली. कोड लिहिणारा आणि तीन-चार तपासनीस. आधी प्रत्येकाने एकट्याने वाचायचं, मग मीटिंगला बसून ओळीओळीने सापडलेल्या चुका नोंदवायच्या. याला ‘इन्स्पेक्शन’ म्हणत. सगळे ते करत होते, पण त्यात नेमकं काय कामाला येतं हे फारसं कुणी मोजलं नव्हतं.

ते मोजलं नेपरव्हिलमध्ये. बेल लॅब्जचे लॉरेन्स वोटा यांनी १९९३ च्या एका निबंधाच्या शीर्षकातच प्रश्न विचारला, की प्रत्येक तपासणीला मीटिंग लागतेच का? (तुमच्या कॅलेंडरकडे बघून हा प्रश्न आजही विचारावासा वाटेल.) मग मेरीलँड विद्यापीठाचे ॲडम पोर्टर, हार्वी साय, कॅरल टोमन आणि वोटा यांनी एक प्रयोग रचला. तो वर्गातल्या मुलांवर केलेला नव्हता, चालू कामावर केलेला होता. फाइव्ह-ईएसएसच्या लोकांसाठी एक कंपायलर लिहिला जात होता. भाषा सी++, म्हणजे त्या काळी नव्या मानल्या जाणाऱ्या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीची. नवा कोड सुमारे ५५,००० ओळींचा. १८ महिन्यांत ८८ तपासण्या झाल्या. कोणत्या तपासणीला एक, दोन की चार जण बसवायचे आणि ती एकदा करायची की दोनदा, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं जाई.

निकाल १९९७ मध्ये छापून आला. चार तपासनीस दोघांपेक्षा जास्त चुका शोधत नव्हते. दोनदा तपासल्याने फायदा फारसा नव्हता, उशीर मात्र होत होता. त्याच गटाच्या पुढच्या अभ्यासात दिसलं, की पद्धतीच्या रचनेपेक्षा कोड कसा आहे आणि तो कोण वाचतंय, याने जास्त फरक पडतो.

खरा धक्का २००१ मध्ये आला. साय आणि वोटा यांनी त्या तपासण्यांमध्ये नोंदलेले मुद्दे पुन्हा बारकाईने पाहिले. त्यातले ६० टक्के मुद्दे असे निघाले, की जे कुठल्याही चाचणीत कधी सापडलेच नसते. कारण प्रोग्राम कसा चालतो याच्याशी त्यांचा जवळजवळ संबंधच नव्हता. नेमून दिलेली शिस्त पाळलेली नाही. तेच दोन ठिकाणी लिहिलंय. भाषेचा वापर सफाईदार नाही. शेजारी लिहिलेला खुलासा अपुरा आहे. चुका पकडण्यासाठी बसलेली माणसं बहुतेक वेळ पुढच्या माणसाला हा कोड कळेल का, हे बघत होती.

तुम्ही म्हणाल, मग हा वेळ वाया गेला का? याचं उत्तरही याच गावात आहे. बेल लॅब्जच्या स्टीफन आइक आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ‘सीसॉफ्ट’ नावाच्या साधनाविषयी लिहिलं. त्यात प्रत्येक फाइल म्हणजे एक उभा पट्टा आणि कोडची प्रत्येक ओळ म्हणजे केसाएवढी रेघ. रेघेच्या रंगावरून ती ओळ नवी की जुनी ते कळे. एका पडद्यावर ५०,००० ओळी मावत. प्रोग्रामचं वय डोळ्यांना दिसू लागलं. पुढे आइक आणि त्यांच्यासोबतच्या संख्याशास्त्रज्ञांनी फाइव्ह-ईएसएसमधल्या बदलांचा वर्षानुवर्षांचा इतिहास तपासला. २००१ च्या त्यांच्या निबंधाचा प्रश्न होता, कोड कुजतो का? पुरावा सांगत होता की कुजतो. जसजशी वर्षं जात होती, तसतसं एका बदलासाठी अधिकाधिक फाइलींना हात लावावा लागत होता. आता त्या ६० टक्के मुद्द्यांकडे परत बघा. ते या कुजण्यावरचेच उपाय होते.

आणखी एक धागा इथूनच निघतो. बेल लॅब्जमध्ये काम करणारे विल्यम ओपडाइक यांनी १९९२ मध्ये इलिनॉय विद्यापीठात राल्फ जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली प्रबंध लिहिला. विषय होता, प्रोग्रामचं वागणं न बदलता त्याची रचना कशी सुधारावी. त्यालाच आपण रिफॅक्टरिंग म्हणतो. जॉन्सन यांचेच विद्यार्थी डॉन रॉबर्ट्स आणि जॉन ब्रँट यांनी मग स्मॉलटॉक भाषेसाठी ‘रिफॅक्टरिंग ब्राउझर’ बनवला. क्लासचं नाव एका जागी बदला, ते सगळीकडे नीट बदलेल, ही खात्री त्या साधनाने दिली. तुमच्या एडिटरमधला ‘रिनेम’चा पर्याय त्याच घराण्यातला आहे.

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटायला नको. ज्ञानेश्वरी १२९० ची. तीनशे वर्षं ती हाताने उतरवली जात होती, त्यामुळे प्रतींमध्ये चुका आणि कुणाकुणाच्या पदरच्या ओव्या शिरल्या. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठ शुद्ध केला आणि यापुढे कुणी आपली भर घालू नये असं बजावलं. अर्थ मूळचाच राहावा आणि पुढच्याला तो स्वच्छ वाचता यावा, एवढ्याचसाठी ते सगळे कष्ट. प्रोग्राम आणि ग्रंथ एक नव्हेत, पण न वाचता उतरवत गेलं की दोन्हींचं काय होतं, ते सारखंच आहे.

हे आज का सांगतोय? कारण तुमच्यासमोर येणारा बराच कोड आता यंत्राने लिहिलेला असतो, आणि तो तपासायलाही दुसरं यंत्र असतं. चुकीच्या जागचा ‘ब्रेक’ ते कदाचित पकडेल. म्हणून ‘ठीक दिसतंय’ लिहून बटण दाबायचा मोह होतो. पण चार तपासनीस बसवून जे साधलं नाही, ते नजर न टाकता दिलेल्या पाच मंजुऱ्यांनी कसं साधेल? नेपरव्हिलच्या त्या ८८ तपासण्यांचा खरा लाभ झाला तो दोन-चार वर्षांनी तो कोड उघडणाऱ्या माणसाला. तुमच्या टीममध्ये ती व्यक्ती उद्या रुजू होणारी नवखी मुलगी असेल किंवा सगळं विसरलेले तुम्ही स्वतः असाल.

म्हणून पुढचा रिव्ह्यू समोर आला की यंत्राने काय म्हटलंय ते आधी वाचा आणि मग बाजूला ठेवा. क्लासचं नाव वाचून तो काय करतो ते कळतंय का? तेच काम आणखी कुठे लिहिलंय का? हे असंच का केलं, ते कुठे नोंदलंय का? यातल्या एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं, तर मंजुरी देण्याआधी लिहिणाऱ्याला तेवढं विचारा.