खारेपाटाचा बांध आणि त्याचे धनी

आमच्या ज्ञातीस ‘आगरी’ हे नाव आगरावरून पडले, हे सर्वश्रुत आहे. आगर म्हटले की खाडी आली, भरती आली आणि बांधही आला. जुन्या गॅझेटियरकारांनी मीठ-आगरी, जस-आगरी व ढोल-आगरी असे आपले भेद नोंदले. पण पेण, अलिबाग, उरण व पनवेल या तालुक्यांच्या खारेपाटात मीठ पिकविणारा काय आणि भात पिकविणारा काय, दोघांचेही पोट मातीच्या बांधावरच अवलंबून होते. पूर्वजांच्या पराक्रमाच्या कथा अशा अंकांतून पुष्कळ छापल्या जातात; या बांधाविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा इतिहास सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

खाडीकाठची जी जमीन उधाणाच्या भरतीत पाण्याखाली जाते, तिच्याभोवती चिकण चिखलाचा बांध घालून समुद्र बाहेर ठेवावयाचा, यास खारबंदिस्ती म्हणतात. खाडीकडील मुख्य बांध तो बाहेरकाठा. त्यात जागोजाग उघड्या असतात. उघडीची फळी अशी बसविलेली असते की, ओहोटीस आतील पावसाचे पाणी तिला ढकलून वाहून जावे आणि भरती चढू लागताच खाडीच्याच पाण्याने ती मिटावी. शत्रूच्याच बळाने दार लावून घेण्याची ही युक्ती ज्याने प्रथम काढली, त्याचे नाव आमच्या वाचनात कोठे आलेले नाही. नव्या बंदिस्तीतील जमीन लगेच पिकत नाही. काही पावसाळे खार धुऊन जावा लागतो. मग रहू, म्हणजे मोड आणलेले बी, चिखलात फेकून खार सोसणारे राता जातीचे भात घ्यावयाचे. आतील तळ्यांतला जिताडा हा वरकड लाभ. त्याची थोरवी आमच्या वाचकांस सांगावयास नको! परंतु खेकड्याने पाडलेले एक बीळ वेळीच बुजविले नाही, तर पुढच्या अमावास्येच्या उधाणात तेथे खांड पडते, आणि एकाच्या शेतापुढे पडलेली खांड साऱ्या गावाचे पीक घेऊन जाते.

म्हणूनच बांध कोणी राखावयाचा, हा खारेपाटातील फार जुना प्रश्न आहे. शिलोत्री वहिवाटीत याचे उत्तर ठरलेले होते. शिलोत्रीदाराने बांध दुरुस्त ठेवावा आणि त्याबद्दल कुळांकडून ठराविक धान्य घ्यावे. उत्तर कागदावर चांगले होते. प्रत्यक्षात चिखल वाहणारा एक आणि धान्य मोजून घेणारा दुसरा, ही स्थिती राहिली. खोतांच्या व सावकारांच्या जाचाविरुद्ध १९३३ साली चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन कसण्याचे नाकारले आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. त्या अवधीत, १९३७ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४८ चा कूळकायदा व १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ रोजी कूळ जमिनीचा धनी मानला गेला.

येथे एक गोष्ट आम्हांस स्पष्ट सांगणे प्राप्त आहे. सातबाऱ्यावर शेत आले. बाहेरकाठा कोणाच्याच नावावर आला नाही. १९४८ च्या व नंतर १९७९ च्या खारजमीन कायद्यांनी ते काम शासनाकडे अधिकाधिक गेले, आणि खांड पडताच गावाने घमेली घेऊन धावण्याची रीत मागे पडून अर्ज लिहिण्याची रीत आली. आम्ही खोतीचे गोडवे गात आहोत असे कृपा करून कोणी समजू नये. पण अर्ज मंजूर होईपर्यंत उधाण थांबत नाही.

आता तर समुद्रही पूर्वीचा राहिला नाही. केंद्र शासनाच्या भूविज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षास सुमारे ३.३ मिलिमीटरने वाढली. त्याआधीच्या शतकातील गतीच्या ही जवळजवळ दुप्पट किंवा अधिक आहे. मिलिमीटर ऐकून हसू येईल. परंतु उधाणाचे पाणी बांधाच्या माथ्यापासून वीतभरच खाली राहते, तेथे तीस वर्षांत चार बोटे वर चढणे ही थट्टा नव्हे. त्यातच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले.

तिवरांचा प्रश्न याहून नाजूक आहे. बांधाच्या बाहेर उभी असलेली तिवरे लाटेचा जोर मोडतात. ती तोडणे म्हणजे स्वतःच्या बांधावर कुदळ घालणे होय. १९९१ पासूनचे किनारा नियमन आणि २०१८ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यांनी त्यांस संरक्षण दिले, ते योग्यच झाले. पण फुटलेला बांध वर्षानुवर्षे दुरुस्त न झाल्याने जे भातशेत खारे झाले आणि त्यात तिवर उगवले, ते शेत पुन्हा लागवडीस आणू पाहणारा शेतकरी मोठ्या पेचात सापडतो. शेत बुडाले ते कोणाच्या दिरंगाईने, हे त्या तिवरास विचारता येत नाही. अशा ठिकाणी पूर्वी शेत होते हे सिद्ध करावयास जुना कागदच उपयोगी पडतो. तेव्हा ज्या कुटुंबांकडे शिलोत्रीच्या पावत्या, बांधदुरुस्तीचे हिशेब, खारजमीन योजनांचे नकाशे किंवा जुने सातबारे पेटीत पडून असतील, त्यांनी त्यांच्या नकला पावसाळ्यापूर्वी काढून ठेवाव्यात. वाळवीस खारेपाटातील कागद विशेष प्रिय असतो.