वांझ कोण?

मूल न होणाऱ्या बाईला आपल्या भाषेत 'वांझ' म्हणतात. पुरुषाला काय म्हणतात? 'नपुंसक' म्हणून भागत नाही, त्याचा अर्थ वेगळा. संसार नीट चालू आहे, पण शुक्राणूंचा आकार बिघडलेला आहे, अशा पुरुषासाठी आपल्या रोजच्या बोलण्यात शब्दच नाही. आणि ज्याला शब्द नाही, त्याचा दोष दुसऱ्याच्या पदरात पडतो. आगरदांड्यात काय आणि मुंबईत काय, तो बाईच्याच पडला.

खरं म्हणजे शुक्राणू दिसले त्याला साडेतीनशे वर्षं होत आली. इथे शिवछत्रपतींचा जंजिऱ्याच्या सिद्दीशी झगडा चालू होता, त्याच काळात, १६७७ साली, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्याने ते स्वतः घासलेल्या भिंगातून पाहिले. दिसले, पण उपाय नव्हता.

१९७८ साली इंग्लंडात लुईस ब्राउन जन्मली. तिच्या आईच्या बीजवाहिन्या बंद होत्या. आपल्याकडे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा जन्मली. पण या पद्धतीत बशीतल्या बीजाचं कवच शुक्राणूला स्वतःच भेदावं लागे. आकार बिघडलेल्याला ते सहसा जमत नसे.

ही अडचण ब्रसेल्समध्ये सुटली. एकच शुक्राणू निवडायचा, केसाहून बारीक काचेच्या सुईत घ्यायचा आणि थेट बीजात सोडायचा. पालेर्मो आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली हे जाहीर केलं. त्यालाच 'इक्सी' म्हणतात. यश मात्र दर वेळी येतंच असं नाही.

आता गंमत बघा. दोष नवऱ्यात, तरी इंजेक्शनं बायकोला, बीज काढण्यासाठी भूल बायकोला. विज्ञानाने दोषाचा पत्ता बदलला, भार मात्र तिथेच राहिला.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की तपासणी दोघांची एकाच वेळी व्हावी. नवऱ्याची तर सोपी, बिनदुखण्याची. आणि अहवालात सामान्य आकाराचे शुक्राणू थोडेच दिसले तर हबकू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली खालची मर्यादा ४ टक्केच धरली आहे. शब्द पुढे केव्हातरी सापडेल. तोवर निदान जुना शब्द तरी टाकून देऊ या.