'नारू' : एका शब्दाचा व एका रोगाचा इतिहास

जीवशास्त्राच्या ऑलिंपियाड परीक्षेची तयारी करणाऱ्या कोल्हापुरातील एका विद्यार्थ्याने मध्यंतरी प्रस्तुत लेखकास परोपजीवी कृमींच्या नावांची यादी दाखविली. 'ड्रॅकन्क्युलस मेडिनेन्सिस' हे नाव व त्या कृमीचे जीवनचक्र त्याला मुखोद्गत होते. 'नारू' हा शब्द मात्र त्याने कधी ऐकलेला नव्हता. त्या एका शब्दात रोगाच्या इतिहासाचा केवढा भाग साठला आहे, हे दाखविणे हा या टिपणाचा हेतू होय.

संस्कृत 'स्नायु' म्हणजे शरीरातील तंतू वा शीर. मांसपेशी हा अर्थ आधुनिक आहे. याच शब्दाचे सगोत्र रूप पालीत 'नहारु' व प्राकृतात 'ण्हारु' असे आढळते, आणि 'नारू' हे त्याच परंपरेतील होय. सोळाव्या शतकातील 'भावप्रकाशा'त या रोगाला 'स्नायुक' म्हटले आहे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशातही 'नारू' नोंदलेला आहे. लॅटिन नावात लहानसा सर्प आणि मदिना शहर आहे, इंग्रजी नावात गिनीचा किनारा आहे. आपल्या नावात मात्र रुग्णाच्या पायातून बाहेर येणारी शीर आहे.

हे निरीक्षण सूक्ष्म होते. पूर्ण वाढलेली मादी सुमारे एक मीटर लांबीची, पांढरी व दोऱ्यासारखी असते. ती तुटू न देता काडीभोवती रोज थोडीथोडी गुंडाळून काढण्याची रीत अनेक देशांत प्राचीन आहे. तथापि डोळ्यांना जे दिसले, तेवढ्याचीच साक्ष हे नाव देते. दाह शमविण्यासाठी रुग्ण पायविहिरीत उतरे, तेव्हा कृमीची पिल्ले पाण्यात सुटत; सायक्लॉप्स नावाचा सूक्ष्म जलजीव ती गिळी; ते पाणी पिणाऱ्यास सुमारे वर्षभराने नारू होई. कारण व परिणाम यांत एका वर्षाचे अंतर असल्यामुळे विहीर व रोग यांचा नेमका संबंध केवळ पाहून उमगणे दुष्कर होते. फेडचेंको या रशियन शास्त्रज्ञाने १८७० च्या सुमारास सायक्लॉप्सचा यातील भाग उघड केला. १९०७ मध्ये लायपर याने माकडावरील प्रयोगाने त्यास पुष्टी दिली.

या रोगावर लस नाही व तो बरा करणारे औषधही नाही. तरीही भारतात १९८३-८४ मध्ये आरंभलेल्या निर्मूलन कार्यक्रमाने तो नाहीसा केला. पाणी कापडाने गाळणे, पायविहिरींचे रूपांतर करणे, रुग्णास पाण्यात उतरू न देणे, हीच त्याची मुख्य साधने होती. महाराष्ट्र हे रोगग्रस्त राज्यांपैकी एक होते. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

रोग गेला, याचा आनंदच आहे; परंतु त्याच्यामागोमाग शब्दही चालला आहे. ज्यांच्या पायातून नारू निघाला, अशी माणसे आता वृद्ध झाली आहेत. काडी, पट्टी, लेप, पथ्य, विहिरीची शिस्त यांविषयीचे त्यांचे शब्द त्यांच्याबरोबरच जातील. स्पर्धेसाठी कृमीचे जीवनचक्र पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या गावातील एका वृद्धाकडून हे शब्द टिपून घेतले, तर परोपजीवीशास्त्राला व भाषेच्या इतिहासाला तो एकाच वेळी उपयोगी पडेल. हे काम आणखी वीस वर्षांनी करता येणार नाही.