'स्पेलबाउंड' आणि घरात शब्द विचारणारा माणूस

इंग्रजी शब्दांचे स्पेलिंग बिनचूक सांगण्याच्या शालेय स्पर्धेवर एखादा चित्रपट निघेल आणि तो श्वास रोखून पाहिला जाईल, असे कोणाला सांगितले असते तर ते पटले नसते. जेफ्री ब्लिट्झ या दिग्दर्शकाने मात्र ते करून दाखविले. त्याचा 'स्पेलबाउंड' हा माहितीपट २००२ मध्ये प्रथम दाखविण्यात आला आणि पुढच्या वर्षी ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट माहितीपटाच्या नामांकनापर्यंत पोहोचला. त्या वर्षीचा पुरस्कार मायकेल मूर यांच्या 'बोलिंग फॉर कोलंबाइन'ने पटकावला. तरीही मुलांच्या स्पर्धांवरील चित्रपटांची चर्चा आजही 'स्पेलबाउंड'पासूनच सुरू होते.

वॉशिंग्टनमध्ये १९९९ साली झालेली अमेरिकेची राष्ट्रीय स्पेलिंग बी स्पर्धा हा त्याचा विषय. अंतिम स्पर्धेत देशभरातून २४९ मुले उतरली होती. त्यांतील आठ जणांच्या घरी कॅमेरा आधी जाऊन आला आणि नंतर त्यांच्यामागोमाग राजधानीत दाखल झाला.

स्पर्धेच्या नावातील 'बी' या शब्दाचा मधमाशीशी संबंध असल्याचे अनेकांना वाटते. अमेरिकेच्या ग्रामीण भागात शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकत्र जमून एखादे काम उरकण्याला 'बी' म्हणत; मक्याची कणसे सोलण्याची बी, गोधडी शिवण्याची बी. मराठवाड्यातील वाचकाला यासाठी शब्दकोश उघडावा लागणार नाही, त्याच्याकडे 'सावड' हा शब्द आहेच. स्पेलिंगची ही सावड १९२५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती वृत्तपत्रांच्या पुढाकाराने. लुइव्हिल येथील 'कुरिअर-जर्नल' या दैनिकाने इतर वृत्तपत्रांना सोबत घेऊन ती भरविली. फ्रँक न्यूहाउझर हा मुलगा 'ग्लॅडिओलस' या फुलाच्या नावाचे स्पेलिंग सांगून पहिला विजेता ठरला. १९४१ पासून स्क्रिप्स हा माध्यमसमूह ती चालवीत आला आहे. महायुद्धामुळे १९४३ ते १९४५ आणि करोनामुळे २०२० मध्ये ती झाली नाही.

स्पर्धेचे स्वरूप अगदी साधे आहे. आठवीपर्यंतचा विद्यार्थी ध्वनिक्षेपकासमोर उभा राहतो, त्याला शब्द उच्चारून सांगितला जातो. शब्दाचा अर्थ, तो कोणत्या भाषेतून आला, वाक्यात कसा वापरतात, हे विचारण्याची त्याला मुभा असते. मग एकेक अक्षर मोठ्याने सांगायचे. अक्षर चुकले की घंटी वाजते आणि मूल मंचावरून उतरते. शब्द निवडले जातात ते वेबस्टरच्या बृहद् कोशातून, ज्यात सुमारे पावणेपाच लाख नोंदी आहेत. तो पाठ करणे कोणालाच शक्य नसते. म्हणून तयारीची मुले लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, जर्मन धातूंचे संस्कार ओळखायला शिकतात. पाठांतराची म्हणून हिणवली जाणारी ही स्पर्धा प्रत्यक्षात बरीचशी व्युत्पत्तीची आहे.

चित्रपटाचे खरे बळ आठ घरांच्या तुलनेत आहे. कॅलिफोर्नियातील नील कडाकिया याच्या घरी वडिलांनी तयारीची सारी सूत्रे हाती घेतली आहेत. वेगवेगळ्या भाषांचे शिक्षक नेमलेले आहेत, शब्दांच्या याद्या संगणकावर आहेत आणि भारतात आजोबांनी नातवाच्या यशासाठी हजार माणसांना प्रार्थनेस बसविल्याचे सांगितले जाते. याच मुलाला स्पर्धेत 'दार्जिलिंग' हा शब्द येतो आणि तो बराच वेळ चाचपडतो. घरात चहा पिणाऱ्या कोणालाही ही गंमत भिडावी.

दुसऱ्या टोकाला टेक्सासमधील पेरीटन गावची अँजेला अरेनिवार आहे. तिचे वडील मेक्सिकोतून सीमा ओलांडून आले आणि एका गुरांच्या कुरणावर मजुरी करू लागले. त्यांना इंग्रजी बोलता येत नाही; चित्रपटात ते स्पॅनिशमध्ये बोलतात. मुलगी ज्या शब्दांवर रात्री जागविते, त्यांतला एकही शब्द तिला विचारून पाहणे त्यांच्या हातात नाही. तिने तयारी केली ती जवळजवळ एकटीने. मुलीने एवढी मजल मारली, यातच या प्रवासाचे चीज झाले, ही त्या बापाची भावना लपत नाही. वॉशिंग्टनच्या गरीब वस्तीत एकट्या आईबरोबर राहणारी अ‍ॅशली व्हाइट हीसुद्धा याच बाजूची. न्यू जर्सीचा हॅरी आल्टमन हा वल्ली मुलगा 'बॅन्स' या चार-पाच अक्षरी शब्दापुढे चेहऱ्याचे जे काही करतो, ते मात्र वर्णन करण्यापेक्षा पाहावे.

अंतिम फेरीत फ्लोरिडातील टँपाची १४ वर्षांची नूपुर लाला पोहोचते. आदल्या वर्षी ती याच स्पर्धेतून बाद झाली होती. तिचा प्रतिस्पर्धी 'ऑप्सिमॅथ' या शब्दावर चुकतो. त्याचा अर्थ, उतारवयात विद्या शिकू लागणारा माणूस. नूपुर 'लॉगोरिया' हा शब्द बरोबर सांगते. अर्थ, न थांबणाऱ्या बडबडीची व्याधी. ती गावी परतते तेव्हा एका रेस्तराँने फलकावर तिचे अभिनंदन केलेले असते आणि त्या अभिनंदनाचेच स्पेलिंग चुकलेले असते.

नूपुर पुढे डॉक्टर झाली, पण तिच्या विजयाचा परिणाम तिच्यापुरता राहिला नाही. भारतीय वंशाचा पहिला विजेता बालू नटराजन १९८५ चा. नूपुरनंतर मात्र ओघ लागला. २००८ ते २०१८ या अकरा वर्षांत दरवर्षी विजेतेपद भारतीय वंशाच्या मुलांकडेच गेले. २०१९ मध्ये तर आयोजकांचे कठीण शब्द अपुरे पडले आणि आठ मुले संयुक्त विजेती ठरली. त्यांतील सात भारतीय वंशाची होती. डॅलसच्या सोहम सुखटणकर याचे आडनाव मराठी वाचकाच्या लगेच नजरेत भरते. त्याचा अखेरचा शब्द होता 'पेंडेलोक', म्हणजे नासपतीच्या आकाराचे लोलक रत्न. या यशाचा मागोवा सॅम रेगा यांच्या 'स्पेलिंग द ड्रीम' या २०२० च्या माहितीपटात आहे.

या यशामागे भारतीय मेंदूचे काही वेगळेपण शोधणे भाबडेपणाचे आहे. अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर तेथे गेलेले भारतीय मोठ्या प्रमाणात डॉक्टर, अभियंते, संशोधक होते. घरात उच्चशिक्षित आईबाप, संध्याकाळी शब्द विचारायला त्यांचा वेळ, आणि सरावासाठी समाजाने उभारलेल्या स्पर्धा, हे तिन्ही जुळून आले. नॉर्थ साउथ फाउंडेशन ही संस्था १९८९ मध्ये भारतातील गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देण्यासाठी निघाली. पुढे तिने अमेरिकेतील मुलांसाठी स्पेलिंगच्या स्पर्धा सुरू केल्या आणि तीच राष्ट्रीय स्पर्धेची तालीम ठरली.

मराठीत अशी स्पर्धा रुजली नाही, याचे कारण लिपीत आहे. देवनागरीत बहुतांशी उच्चाराप्रमाणे लिहिले जाते. घोळ होतो तो ऱ्हस्व-दीर्घात, श-षमध्ये. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक १४ नियम १९६२ मध्ये आणि आणखी ४ नियम १९७२ मध्ये आले. त्यांनी 'कवि'चा 'कवी' केला, 'नांव'वरील टिंब काढले. एवढ्या सामग्रीवर वीस फेऱ्या चालणे कठीण. जिल्ह्याच्या मुख्यालयी जानेवारी २०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा या गावाचे अधिकृत नाव उस्मानाबाद होते. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलेल्या या नावातच स्पेलिंगचा पहिला धडा होता. मराठीत 'उ'ने सुरू होणारे गाव इंग्रजीत 'ओ'ने सुरू होई, आणि शाळकरी पोराला ते तसेच पाठ करावे लागे. २०२३ मध्ये शहर व जिल्हा अधिकृतपणे धाराशिव झाले आणि तो धडा संपला.

बाकीचे धडे मात्र आहेत. निजामी राजवटीत येथील कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ती मराठी झाली. राज्यात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. म्हणजे पणजोबा उर्दूत शिकलेले, आजोबा-वडील मराठीत, आणि मूल 'सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' घोकणारे, अशी घरे या जिल्ह्यात आहेत. भूम, परंडा, वाशी, कळंब भागांतील काही कुटुंबे ऊसतोडीच्या हंगामात कोयते घेऊन बाहेर पडतात, तेव्हा पाठ केलेली यादीही अर्ध्यावर सुटते. अशा घरातल्या मुलाला 'नाइफ'मधील न उच्चारला जाणारा 'के' कोण सांगणार? ते काम एकट्या शिक्षकावर येऊन पडते, आणि वर्गात एकामागून एक मूल उभे करून शब्द विचारायला तास पुरत नाही.

'स्पेलबाउंड'मध्ये नीलच्या घरी शब्द विचारणारी माणसे नेमलेली आहेत आणि अँजेलाच्या घरी कोणीच नाही. ब्लिट्झ यांनी यावर एक अक्षरही भाष्य केलेले नाही. दोन्ही घरे एकापाठोपाठ दाखविली आहेत, आणि दोन्ही मुले वॉशिंग्टनच्या एकाच मंचावर, गळ्यात क्रमांकाची पाटी अडकवून उभी आहेत.